मुद्देमालाच्या खोलीतला वास

तोताराम हवालदारांविषयी लीलाधरला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. नऊ वर्षं दोघांच्या खोल्यांत एकच भिंत होती. पलीकडे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की सकाळचे सहा वाजले, आणि खाकीचा पट्टा खुंटीवर आपटला की संध्याकाळचे साडेसात, एवढं तो घड्याळ न बघता सांगू शकला असता. पण त्यांना भाऊ किती, आई केव्हा गेली, पहूरची शेती सोडून ते पोलिसात का आले, यातलं काही त्याने कधी विचारलं नाही. विचारावंसं पुष्कळदा वाटलं. पण दुसऱ्याच्या दारात चप्पल काढायची म्हटली तरी लीलाधर दोनदा विचार करायचा. म्हणून ही हकिगत अर्धीमुर्धीच आहे. भिंतीच्या अलीकडे जेवढी आली, तेवढीच.

धुळे जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. लीलाधर तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरांनी काही फोडलं तर वहीत लिहायचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास होऊन तो इथे चिकटला होता. तोतारामभाऊ मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणायचे. आपण मास्तर नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं, आणि पुढे सांगण्यात अर्थ उरला नाही.

शहाऐंशीच्या दिवाळीत तोतारामभाऊ आणि त्यांची बायको पुष्पाबाई शेजारी राहायला आले. भाऊंकडे ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचा चार्ज होता. ठाण्याच्या मागे पत्र्याची एक खोली. चोरीच्या सायकली, रक्ताचे डाग पडलेल्या काठ्या, हातभट्टीचे डबे, जे जे पकडलं ते कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथे ठेवायचं. खोलीला एकच खिडकी, तिलाही बाहेरून पत्रा ठोकलेला. किल्ली भाऊंच्या कमरेला.

अमली पदार्थांचा नवा कायदा नुकताच झाला होता. डोंगराच्या बाजूला तुरीच्या पिकात लावलेला गांजा पोलीस उपटून आणायचे. खोलीत गोण्यांवर गोण्या चढू लागल्या. कोर्ट सांगत नाही तोवर त्या जाळता येत नव्हत्या, आणि कोर्टाच्या तारखा आपल्याला माहीतच आहेत.

त्या गोण्यांचा वास भाऊंच्या अंगाला चिकटला. ओसरीत ते आले की त्यांच्या आधी वास यायचा. धुरपदाबाई घरमालकीण, तिने खाकी कपडे वाळवायला वेगळी दोरी बांधून दिली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हवालदार, पगारही घेता अन् वर नशाही फुकट.” भाऊ हसले. ठाण्यातले शिपाईही हेच म्हणायचे. भाऊंनी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती.

पुष्पाबाईंना मात्र हसता आलं नाही. त्यांना दमा होता, आणि त्या वासाने तो उसळायचा. भाऊ दारातच कपडे उतरवायचे, मोरीत लिंबाच्या फोडी अंगाला चोळून आंघोळ करायचे. तरी रात्रभर भिंतीपलीकडून बाईंच्या श्वासाची शिट्टी ऐकू यायची. दुसऱ्या हिवाळ्यात त्या जळगावला, पिंप्राळ्यात त्यांनी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. भाऊंनी जळगाव जिल्ह्यात बदली मागितली. पंधरा दिवसांतून एकदा ते तिकडे जायचे. तिकडे न्यायचे कपडे लीलाधरच्या खोलीत असायचे, पेटीत, डांबरगोळ्या घालून.

असा त्यांचा संबंध सुरू झाला. शनिवारी भाऊ आंघोळ करून ओलेतेच दाराशी उभे राहायचे, लीलाधर पेटी उघडून शर्ट-पायजमा द्यायचा. त्या पाच-दहा मिनिटांत काय बोलणं होईल ते होईल.

एकदा भाऊंनी विचारलं, “मास्तर, वासाला वजन असतं का?”

लीलाधर गोंधळला. भाऊ म्हणाले, त्यांच्या खोलीत डोळे मिटून ते कुठली गोणी कुठल्या शिवारातली ते सांगू शकतात. एकीला कैरीच्या चिकाचा वास, एकीला लिंबाच्या सालीचा, एकीला रंगाऱ्याकडच्या टर्पेंटाईनचा. पण हे सगळे वास वर्ष-दीड वर्षात जातात. मग सगळ्या गोण्यांना एकच वास उरतो, मिऱ्याचा. कोठडीत मागे एक बैरागी होता, त्याने त्यांना सांगितलं होतं की चिकाच्या वासाचा माल माणसाला झोपवतो, लिंबाच्या वासाचा बोलका करतो, आणि फार चढलं तर चार मिरे चावावेत, उतरतं. भाऊंचं डोकं त्या खोलीत दुपारनंतर जड व्हायचं. बैराग्याचं ऐकून तेही शर्टाच्या खिशात मिरे ठेवू लागले होते. “बरं वाटतं,” ते म्हणाले, “मिऱ्याने वाटतं की मनाने, देव जाणे.”

लीलाधरने कॉलेजच्या लायब्ररीत शोधाशोध केली. एका जाड इंग्रजी पुस्तकात त्याला दोन पानं सापडली आणि ती वाचताना त्याला उगाचच आनंद झाला. पुढच्या शनिवारी त्याने भाऊंना सांगितलं: बैरागी वासांबद्दल खोटं बोलला नव्हता. गांज्याच्या फुलोऱ्यात सुगंधी तेलं असतात, आणि ती तेलं त्याची एकट्याची नाहीत. लिंबाच्या सालीत असतं तेच एक, ज्यापासून टर्पेंटाईन काढतात त्या चिडाच्या झाडाच्या डिंकात असतं तेच एक, कैरीच्या चिकात असतं तेच, मिऱ्यात अन् लवंगेत असतं तेही. सगळी एका कुळातली. त्यातली हलकी आधी उडून जातात, म्हणून लिंबू आणि टर्पेंटाईन लवकर जातं. जड असतं ते मागे राहतं. ते मिऱ्याचं. नशा करणारं द्रव्य वेगळंच, त्याला वास नाही; नुसता वास घेऊन चढत नाही. ही तेलं डोक्यावर काय करतात, झोप आणतात की बोलकं करतात, याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. लीलाधरने तेही प्रामाणिकपणे सांगितलं.

भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे आमच्यातलं लिंबू केव्हाच उडालं, मास्तर. आता मिऱ्यावर चाललंय.”

आणि पुन्हा तोच प्रश्न. उडून गेलेल्या तेलाचं वजन किती?

“शेराला चिमूटभर,” लीलाधर म्हणाला. “बाकी जे कमी होतं ते पाणी.”

भाऊंचा चेहरा उतरला. ते का विचारत होते, ते लीलाधरला एकोणनव्वदच्या जूनमध्ये कळलं.

जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. जळगाव. भाऊंनी पेढे वाटले, धुरपदाबाईलाही दोन दिले. पण हुकूम येणं वेगळं आणि ठाण्यातून सोडणं वेगळं. त्यांच्या जागी येणाऱ्याने सगळा मुद्देमाल मोजून, वजन करून, रजिस्टरशी ताडून सही करायची, तेव्हा भाऊ मोकळे. आणि वजन जुळणं शक्य नव्हतं.

झालं होतं असं की, गांजा पकडायचा तो हिरवा, ओला. तो मुळांसकट, मुळांना लागलेल्या मातीसकट ट्रॉलीतून यायचा आणि तसाच काट्यावर चढायचा. आकडा मोठा दिसला की साहेब खूश, पेपरात बातमी. पंचनाम्यात तोच आकडा, रजिस्टरमध्ये तोच, खाली सही तोताराम हवालदारांची. कागदावर चारशे बारा किलो होते. खोलीत, सगळ्या गोण्या वाळून, शंभराच्या आसपास.

“मी माळ्याचा पोरगा,” भाऊ म्हणाले. “ओल्या मिरचीचं वाळवण किती होतं ते मला शेंबड्या वयापासून ठाऊक. सही करताना हात का नाही थांबला?” ते दारातच बसले होते, अंगावर पंचा. “साहेब म्हणाले लिहा, मी लिहिलं.”

जो तो चार्ज घ्यायला यायचा, एक गोणी काट्यावर ठेवायचा आणि आजारी पडायचा. पहिला हवालदार सिक लिव्हवर गेला. दुसऱ्याने वशिला लावून नेमणूक बदलून घेतली. तिसरा अभिमन, पश्चिमेकडच्या खेड्यातला, सरळ माणूस. तो निदान तोंडावर बोलला. “भाऊ, हाई मना गयामा बांधू नका. बठ्ठा गाव माले गांजाचोर म्हनी.” हे गळ्यात नको, सगळा गाव चोर म्हणेल, हे त्याचंही चूक नव्हतं. सही केली की तीनशे किलो गांजा त्यानेच विकला असं ठरलं असतं.

साहेब बदलून गेले होते. नवे साहेब म्हणायचे, वजन जुळवा आणि जा. हुकूम भाऊंच्या खिशात घडी मोडून मोडून फाटायला आला. पिंप्राळ्याहून पुष्पाबाईंची पत्रं यायची. त्यांना लिहिता येत नव्हतं, शेजारची कमलबाई लिहून द्यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं, की खाट ओसरीत टाकून ठेवली आहे.

मग भाऊंनी लीलाधरकडे मागणं केलं. कॉलेजच्या कागदावर कुणा जाणत्या माणसाने लिहून द्यावं की ओला गांजा वाळल्यावर एवढा एवढा कमी होतो. तो कागद रजिस्टरला जोडला तर अभिमन सही करायला तयार होता. साहेबांनीही तोंडी होकार दिला होता.

लीलाधर विभागप्रमुखांकडे गेला. सरांनी खुर्ची मागे सारून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच खिशातून पुडी काढली आहे. कॉलेजच्या कागदावर गांज्याचं नाव येणार नाही, आणि लीलाधरने असल्या भानगडीत पडू नये, असं ते म्हणाले. लीलाधरने ते भाऊंना सांगितलं.

“सर राहू द्या,” ते म्हणाले. “तुम्हीच दोन ओळी लिहून द्या ना, मास्तर. तुमची सही मला चालेल.”

“बघतो,” लीलाधर म्हणाला.

त्याने खरोखरच बघितलं. बाजारातून पाव किलो मेथी आणली, प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलली, रोज तोलत गेला. पाचव्या दिवशी ती छत्तीस ग्रॅम भरली. कोथिंबीर केली, तुळस केली. भाऊंना सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, साहेबांना मेथी चालेल की नाही ते विचारायला हवं. लीलाधरने दोन फुलस्केप पानं लिहिली, आकड्यांचं कोष्टक आखलं, वाळल्यावर पाणी किती जातं आणि सुगंधी तेल किती जातं ते मांडलं, पुस्तकाचं नाव आणि पान घातलं. खाली सही केली. सहीखाली हुद्दा लिहायला पेन टेकवलं, आणि तिथे तो अडला.

प्रयोगशाळा सहायक. उद्या कोर्टात वकिलाने विचारलं, आपलं शिक्षण काय, तर? सरांनी सांगूनही लिहिलं, म्हणून नोकरी गेली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, लिहिलेलं चुकीचं असलं तर? मेथी म्हणजे गांजा नाही. दोनदा नापास झालेल्या माणसाचं कोण ऐकणार? त्याने पानांची घडी घातली आणि पेटीत, भाऊंच्या शर्टाखाली, डांबरगोळ्यांमध्ये ठेवून दिली. उद्या देऊ, असं म्हणून.

त्या शनिवारी शर्ट काढून देताना घडी त्याच्या बोटांना लागली. भाऊ दारात उभे होते, केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी कागदाचं काही विचारलं नाही. लीलाधरने शर्ट दिला आणि पेटी लावली. पुढच्या वेळीही तसंच झालं. ते पुन्हा कधीच विचारणार नाहीत, हे तेव्हा त्याला कळायला हवं होतं.

नव्वदच्या डिसेंबरात अभिमनला साहेबांनी दम भरला, की सोमवारी चार्ज घे नाहीतर मुख्यालयात जा. भाऊ तो आठवडाभर वेगळेच दिसत होते. उत्साहात होते. रविवारी पहाटे ते दोन बादल्या आणि धुरपदाबाईची झाडांना पाणी घालायची झारी घेऊन ठाण्याकडे गेले. कशाला, ते लीलाधरला तेव्हा समजलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

पहूरकडे कापूस विकायला नेताना लोक गाडीवर पाणी मारतात. सरकी फुगते, काटा खाली बसतो. सगळेच करतात, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. भाऊंनी तेच केलं. गोण्यांवर पाणी शिंपडलं, पुन्हा पुन्हा, गोण्या पाणी पीत गेल्या. ओला होता तेव्हा चारशे बारा होता, तर पुन्हा ओला केल्यावर निदान जवळपास तरी जाईल, एवढा साधा हिशेब. सोमवारी वजन होईल, अभिमन सही करेल, वाळायचं ते मग वाळेल, आणि वाळतं कसं ते तेव्हा अभिमन स्वतःच बघेल.

पण सोमवारी अभिमन आला नाही. त्याच्या घरी सासरे वारले. तेरावं होऊन तो यायला सोळा दिवस गेले. पत्र्याची खोली, बंद खिडकी, आत ओल्या गोण्या एकावर एक. भाऊ रोज दार उघडून वास घेऊन यायचे. त्या दिवसांत भिंतीपलीकडचा स्टोव्ह पेटायचा नाही. लीलाधरला वाटलं, बरं नसेल.

सतराव्या दिवशी अभिमन आला. त्याने काटा मागवलाच नाही. दार उघडलं, दोन पावलं आत टाकली आणि मागे फिरला. “भाऊ, हाई गांजा नही,” तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, “हाई कुजेल कडबा शे.” वरची गोणी उचलली तर हातात तळ आला. आत पांढरी बुरशी, मधोमध हात भाजेल इतकी ऊब. लिंबू नाही, चीक नाही, मिरेही नाहीत.

चौकशी बसली. मुद्देमालाशी छेडछाड. नमुने आधीच तपासणीला गेलेले होते, त्यामुळे खटल्यांचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते भाऊंचं. बदली रद्द झाली, पगारवाढ थांबली. आणि गोण्या आता चौकशीचाही पुरावा ठरल्या, म्हणून त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नव्हता. किल्ली भाऊंच्याच कमरेला राहिली. साहेबांनी त्यांना विचारलं होतं की हे करायला कुणी सांगितलं का, कुणाचा सल्ला घेतला का. भाऊंनी सांगितलं, नाही. हे लीलाधरला खूप नंतर अभिमनकडून कळलं.

चौकशी बसली त्या रात्री लीलाधरने पेटी उघडून ती दोन पानं काढली होती. आता देऊन काय उपयोग, असं त्याचं त्यानेच ठरवलं आणि परत ठेवली. असं ठरवायला त्याला कधीच फार वेळ लागत नसे.

पाच वर्षं गेली. भाऊ सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. पंधरा दिवसांनी पिंप्राळ्याला जायचे ते महिन्याने जाऊ लागले, मग सणाला. खिशातले मिरे वाढले. बोलताना दाताखाली कटकन आवाज यायचा. धुरपदाबाईने टोमणे मारायचं सोडून दिलं होतं, आणि तेच लीलाधरला जास्त लागायचं. पंच्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाले म्हणून सरकारने त्यांना सोडलं. वजन त्या दिवशीही जुळलेलं नव्हतं. चौकशी चालू ठेवून, तात्पुरत्या पेन्शनवर ते गेले. जाताना पेटीतले कपडे घेऊन गेले. घडी केलेली पानं लीलाधरने आदल्या दिवशीच काढून घेतली होती.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये लीलाधर कॉलेजच्या कामाने जळगावला गेला. मुद्दाम एक दिवस आधी गेला, आणि ती पानं शर्टाच्या खिशात घेऊन गेला. वाटेत एसटीत त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती. भाऊ, मी हे लिहिलं होतं. भाऊ, मी हे तेव्हाच द्यायला हवं होतं.

पिंप्राळ्यातलं घर दोन खोल्यांचं, दारात लिंबाचं झाड. ओसरीत खाट होती. पुष्पाबाईंनी चहा केला, आणि कप देताना भाऊंपासून जरा लांबून, हात लांबवून दिला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. ती सवयच झाली होती. भाऊ रात्री ओसरीतच झोपतात, बाई आत. आता वास येत नाही, बाई म्हणाल्या, पण यांनाच वाटतं, येतो.

भाऊ वाळले होते. ते शेजारच्या नळाबद्दल बोलले, केळीच्या भावाबद्दल बोलले, अभिमनची खुशाली विचारली. ठाण्याचं नाव काढलं नाही. लीलाधरचा हात दोनदा खिशाशी गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा भाऊंनी मान वळवली आणि नाक किंचित वर केलं, पूर्वी करायचे तसं.

“मास्तर, डांबरगोळीचा वास येतोय.”

“शर्ट पेटीतला आहे,” लीलाधर म्हणाला.

“शर्टाचा नाही. कागदाचा आहे. कागद वास धरून ठेवतो.”

“जुनं पत्र आहे एक.”

“असू द्या,” भाऊ म्हणाले. ते थोडा वेळ त्याच्या खिशाकडे पाहत राहिले, मग रस्त्याकडे. “ऊन चढलंय. स्टँडपर्यंत पायी जाऊ नका.”

“नाही. रिक्षाने जातो.”

“चौकात मिळेल.”

“बरं. येतो, भाऊ.”

“या.”